पाणंद, बांध आणि वहिवाट : शेतरस्ता अडवला तर दाद नेमकी कोणत्या कायद्याखाली मागावी?

माळवाट (धागाकर्ता)

आमच्या गावाच्या पूर्वेकडची पाणंद दसऱ्यानंतर ओढ्याच्या अलीकडे नांगरली गेली आणि तिच्या जागी पूर्वहंगामी उसाची लागण झाली. ते पाहून ओढ्यापलीकडच्या शेतकऱ्यानेही आपल्या हद्दीत तारेचे कुंपण घातले. वरच्या रानातल्या खातेदारांना आता मळणीयंत्र नेता येत नाही आणि ऊस तोडला तरी तो बाहेर कसा काढायचा, हा प्रश्न उभा आहे.

या वाटेचे तीन तुकडे पडतात. गावठाणापासून ओढ्यापर्यंत गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषा आहे. ओढ्यापलीकडे नकाशा कोरा आहे, पण वाट दोन खासगी गटांतून वर जाते आणि जुन्या माणसांना आठवते तेव्हापासून तिथूनच वहिवाट आहे. माथ्यावर गायरान आहे व त्यात बिरोबाचे देऊळ आहे; मेंढपाळ, यात्रेला येणारी माणसे आणि रोजंदारीला जाणाऱ्या बायका हीच वाट वापरतात. शिवाय वरच्या बाजूला एका खातेदाराने वाटणीत तुटलेला तुकडा विकत घेतला आहे आणि त्याला आजवर स्वतःची वाट अशी नव्हतीच. तो शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर जात असे.

आम्ही सर्वांच्या सह्या घेऊन एकच अर्ज केला. महसुलाकडे गेल्यावर ग्रामपंचायतीकडे बोट दाखवले गेले, ग्रामपंचायतीने महसुलाकडे, आणि भूमी अभिलेखाकडून ‘आधी मोजणी भरा’ असे उत्तर मिळाले. कोणाला दोष देण्यासाठी हा धागा काढलेला नाही. रस्ता कोणाच्या मालकीचा, तो राखण्याची जबाबदारी कोणाची, आणि ज्याच्या नावावर त्या रानात जमीन नाही त्याला त्या वाटेवर कायद्याने काही हक्क आहे की नाही, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

दप्तरखाना

महसूल खात्यात नोकरी झाली असल्याने थोडे सविस्तर लिहितो. तुमच्या अर्जातली अडचण अशी की तुम्ही एका अर्जात तीन वेगवेगळी प्रकरणे घातली आहेत. लोक ‘रस्ता मिळावा’ असे लिहून देतात आणि कार्यालयातला कारकून त्याला जी संचिका सोयीची वाटेल तीत तो कागद लावतो; पुढे प्रकरण फेटाळले गेले की वर्ष वाया जाते.

पहिला तुकडा, म्हणजे नकाशावर दाखवलेली पाणंद. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, पूल, ओढे, नाले दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नाहीत ते शासनाच्या मालकीचे असतात. त्यामुळे नकाशावरची पाणंद नांगरणे हा शेजाऱ्याशी झालेला वाद नाही, ते शासकीय जमिनीवरचे अतिक्रमण आहे. ते काढण्याचा अधिकार कलम ५० खाली जिल्हाधिकाऱ्यांचा आहे आणि प्रत्यक्ष काम तहसीलदारांकडे येते. ग्रामपंचायतीकडे निहित असलेल्या रस्त्यावर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ पंचायतीलाही अडथळा हटवण्याचा अधिकार देते. तेव्हा दोन्ही कार्यालये अंशतः खरे बोलत होती, पण ‘आमचे काम नाही’ असे म्हणण्याची मुभा दोघांनाही नाही. या तुकड्यासाठी तुम्हाला वहिवाट सिद्ध करावी लागत नाही. गाव नकाशाची प्रमाणित नक्कल जोडा, हद्द दाखवण्यासाठी मोजणी मागा आणि अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-ई मध्ये घेतली आहे काय, ते लेखी विचारा.

दुसरा तुकडा नकाशावर नाही, पण वापरात होता आणि आता अडवला आहे. त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ आहे. शेतीच्या किंवा चराईच्या जमिनीकडे जाणाऱ्या रस्त्याला किंवा रूढ वाटेला कोणी बेकायदा अडथळा केला, तर तहसीलदार मामलेदार न्यायालय म्हणून तो अडथळा दूर करण्याचा आणि पुन्हा न करण्याचा मनाई हुकूम देऊ शकतात. इथे मुदत फार महत्त्वाची आहे : अडथळा झाल्यापासून सहा महिने. दसऱ्यानंतर कुंपण झाले असेल तर पाडव्याच्या सुमारास तुमची मुदत संपते आहे. बाकी सगळी चर्चा मागाहून करा, हा दावा आधी दाखल करा.

तिसरे प्रकरण त्या तुकडा घेतलेल्या खातेदाराचे. त्याला रस्ता नव्हताच, म्हणून अडथळा दूर करण्याचा प्रश्न येत नाही. त्याने महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली स्वतंत्र अर्ज करावा. या कलमात तहसीलदार दुसऱ्याच्या भूमापन क्रमांकाच्या (सर्व्हे नंबरच्या) हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, जाण्याचा हक्क ठरवू शकतात आणि तो ठरवताना शेतात पोचण्याची शेतकऱ्याची वाजवी गरज पाहावी असे कायद्यातच म्हटले आहे.

काळाकोट

दप्तरखाना साहेबांनी केलेली विभागणी बरोबर आहे. मी न्यायालयात या प्रकरणांचे पुढे काय होते ते पाहतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

कलम १४३ चा आदेश शेताच्या मधून देता येत नाही. कायद्यातला शब्द हद्द असा आहे. तरीही जाग्यावर गेल्यावर ‘बांधाने लांब पडते, मधून सरळ जाते’ असा पंचनामा होतो आणि तसा आदेश निघतो; असा आदेश दिवाणी न्यायालयात टिकवणे अवघड जाते. त्याचप्रमाणे मामलेदार न्यायालयाला नवा रस्ता निर्माण करता येत नाही, होता तो मोकळा करता येतो. अर्जदाराने दाव्यात ‘नवीन रस्ता मंजूर करावा’ असे लिहिले की त्याने स्वतःच्याच तोंडाने रस्ता नव्हता असे कबूल केल्यासारखे होते. विनंतीचे वाक्य लिहिताना ही काळजी घ्या.

दुसरी गोष्ट निकालानंतरच्या वाटांची. मामलेदार न्यायालयाच्या निकालावर अपील नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम २३ खाली फेरतपासणी होते. कलम १४३ च्या आदेशाविरुद्ध एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो आणि तो लावला की महसुली अपिलाची वाट बंद होते. बरेच पक्षकार दोन्हीकडे धावतात आणि दोन्हीकडे अडकतात.

सहा महिने उलटून गेले असतील तर सगळे संपले असे नाही. सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वगैरे वापरण्याचा हक्क) अधिनियम, १८८२ खाली दिवाणी न्यायालयात जाता येते. खासगी जमिनीवर वीस वर्षे शांततेने, उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वाट वापरली असेल तर कलम १५ प्रमाणे तो हक्क पक्का होतो. जमीन शासनाची असेल तर हाच काळ तीस वर्षांचा धरतात. मात्र ‘हक्क म्हणून’ या दोन शब्दांवर निम्मे दावे पडतात. प्रतिवादी सांगतो की मी शेजारधर्म म्हणून जाऊ देत होतो, आणि परवानगीने केलेला वापर कितीही वर्षांचा असला तरी त्यातून हक्क तयार होत नाही. तुकडा घेतलेल्या खातेदाराबाबत ‘मेहेरबानीवर जात असे’ असे आपण वर लिहिले आहे. ते सत्य असेल, पण त्याच्या वकिलाने हा धागा वाचला तर कपाळावर हात मारील. सुदैवाने त्याच्याकडे कलम १३ चा गरजेचा सुविधाधिकार आहे : एकाच मालकाच्या जमिनीची विभागणी होऊन एक तुकडा वाटेविना उरला, तर मूळ जमिनीच्या दुसऱ्या भागातून वाट मागता येते. दुसरी वाट मिळाली की हा हक्क संपतो, हेही ध्यानात ठेवावे.

दोनएकरी

इथे सगळे रस्ता मागणाऱ्याच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी कुंपण घालणाऱ्यांपैकी आहे असे समजा.

माझी जमीन दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे. तिच्या एका बाजूची लांबी साधारण साडेसहाशे फूट आहे. त्या बाजूने बारा फुटांचा रस्ता काढला, तर सव्वासात गुंठ्यांच्या आसपास जमीन जाते. रस्ता दोन्ही बांधांवर निम्मा निम्मा धरला तरी माझे साडेतीन गुंठे गेले. कलम १४३ च्या आदेशात त्या जमिनीचा मोबदला मिळाल्याचे मी पाहिलेले नाही. जमीन माझ्याच नावावर राहते, ती पिकत मात्र नाही.

पूर्वी तिथून बैलगाडी जात असे, तीही पीक निघाल्यावर. पेरणीनंतर गडीमाणसे डोक्यावर पाटी घेऊन बांधाने जात आणि कोणाची हरकत नसे. आता त्याच वाटेने बारमाही ट्रॅक्टर, उसाच्या दोन ट्रॉल्या आणि हार्वेस्टर न्यायचा असतो. वहिवाट होती ती एका प्रकारची आणि मागणी होते ती दुसऱ्याच प्रकारची. मी रस्ता नाकारत नाही. परंतु वरच्या वीस एकरवाल्याच्या ऊसवाहतुकीसाठी दोन एकरवाल्याने फुकट जमीन सोडावी, याला न्याय म्हणणे मला जड जाते. शासनाला रस्ते हवे असतील तर शासनाने भूसंपादन करून पैसे द्यावेत.

दप्तरखाना

दोनएकरी यांचे म्हणणे मला कार्यालयात असतानाही पटत असे आणि आजही पटते. आदेश लिहिताना कोणाचे किती क्षेत्र जाते याचा हिशेब मांडलेला क्वचितच दिसतो. वास्तविक ‘वाजवी गरज’ ठरवायची तर तो हिशेब पहिल्या पानावर असायला हवा. चांगला तहसीलदार जाग्यावर दोन-तीन पर्यायी बांध पाहतो आणि सर्वांत कमी नुकसान होणारा निवडतो. कायदा त्याला अडवत नाही, कामाचा रेटा अडवतो.

रुंदीबाबत मात्र एक खुलासा आवश्यक आहे. जुनी मोजणी तेहतीस फुटांच्या साखळीने होत असे आणि साखळीचे सोळा आणे पाडलेले असत. एका साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा, १०८९ चौरस फूट. नकाशावरचा एकेरी तुटक रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फुटांचा धरतात, म्हणजे चार आणे. दुहेरी तुटक रेषेचा गाडीमार्ग साडेसोळा फुटांपासून एकवीस फुटांपर्यंत, म्हणजे आठ आण्यांपासून पुढे. तेव्हा नकाशावर गाडीमार्ग असेल, तर साडेसोळा फूट ही कोणाची नवी मागणी नाही. ती जमीन त्या गटाच्या लागवडीयोग्य क्षेत्रात धरलेली नसते, पोटखराब म्हणजे लागवडीबाहेरची म्हणून दाखवलेली असते. बारा फुटांचा वाद बांधावरच्या रस्त्यांचा आहे. २०२५ मध्ये महसूल विभागाने शासन निर्णय काढून शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी असे सांगितले. यातला नोंदीचा भाग मला रुंदीपेक्षा मोलाचा वाटतो.

शिवारफेरी

नकाशा कोरा का असतो, याबद्दल कोणी लिहिले नाही. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली अनेक गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. एकत्रीकरणात तीन-चार नंबरांचा एक गट झाला की त्यांच्यामधले बांध गेले, आणि त्या बांधांवरून जाणाऱ्या वाटांना कागदावर आधार उरला नाही. पुढच्या पिढीने त्याच गटाच्या पुन्हा वाटण्या केल्या. वाटणीपत्रात विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या तासांनिशी लिहिल्या, झाडे मोजली, पण रस्त्याचे एक वाक्य घातले नाही.

म्हणून माळवाट यांनी केवळ आजचा गटाचा नकाशा पाहून थांबू नये. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणापूर्वीचा गाव नकाशा, जुन्या सर्व्हे नंबरांचे टिपण (मोजणीवेळचा कच्चा नकाशा) आणि फाळणीचे (पोटहिश्श्यांचे) नकाशे यांच्या नकला काढाव्यात. ओढ्यापलीकडच्या दोन गटांतली वाट एखाद्या जुन्या नंबराच्या हद्दीवर पडत असेल, तर दाव्याचा सगळा रंग बदलतो.

पांदण

मी विदर्भातला. आमच्याकडे गावाच्या चालीरीती लिहून ठेवण्याची जुनी पद्धत आहे आणि ती आजच्या महसूल अधिनियमातही शिल्लक आहे. विदर्भापुरत्या असलेल्या त्या प्रकरणात कलम १६१ चे निस्तार पत्रक आणि कलम १६५ चे वाजिब-उल-अर्ज असे दोन अभिलेख आहेत. निस्तार पत्रकात शासनाच्या पडीक जमिनीवर गावकऱ्यांनी चराई कशी करावी, लाकूडफाटा, माती-मुरूम कसा घ्यावा, हे येते. वाजिब-उल-अर्जात त्याहून वेगळी गोष्ट आहे : जी जमीन किंवा पाणी शासनाचे अथवा स्थानिक संस्थेचे नाही, त्यावर सिंचनाचा, रस्त्याचा, इतर सुविधांचा आणि मासेमारीचा गावाचा रूढ हक्क काय आहे ते त्यात नोंदवायचे असते. म्हणजे खासगी शेतातून जाणारी पांदण ही गावाची चाल म्हणून सरकारी दप्तरात येते. त्या नोंदीवर ज्याची हरकत असेल त्याने एका वर्षात दिवाणी दावा लावायचा, नाही तर नोंद अंतिम.

मालगुजारी (आमच्याकडची जमीनदारी) १९५१ मध्ये गेली, पण हे कागद अभिलेख कक्षात आहेत, आणि पांदणीच्या प्रकरणात त्यांची नक्कल लावली तर वीस वर्षांचे साक्षीदार गोळा करावे लागत नाहीत. मला नेहमी वाटते की हा अभिलेख एका विभागापुरता का ठेवला? काळाकोट साहेबांनी सांगितलेला ‘हक्क म्हणून की परवानगीने’ हा वाद निम्म्या महाराष्ट्रात तरी एका जुन्या नोंदीने मिटला असता. आमच्याकडेही तो आपोआप मिटतो असे नाही, कारण नव्या अधिकाऱ्यांना हे नाव ऐकूनही माहीत नसते आणि अर्जदारालाच कलम दाखवावे लागते.

गडवाटा

माळवाट यांच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही. वर सांगितलेल्या बहुतेक सगळ्या तरतुदी खातेदारासाठी आहेत. कलम १४३ मध्ये जमीनधारक हवा, सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ मध्ये ज्याच्या उपभोगासाठी वाट हवी अशी जमीन हवी. बिरोबाला जाणारा भाविक, मेंढ्या घेऊन जाणारा धनगर, किल्ल्यावर जाणारा माणूस किंवा शेजारच्या गावाहून मजुरीला येणारी बाई यांच्या नावावर त्या रानात काहीच नसते. मग त्यांचा हक्क कोणी मांडायचा? रस्ते अडवले जातात तेव्हा खातेदार भांडून आपापली तडजोड करून घेतो. फाटकाची किल्ली त्याला मिळते आणि बाकीच्यांची वाट कायमची जाते, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

काळाकोट

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर तितकेसे समाधानकारक नाही. नकाशावरच्या पाणंदीपुरते बोलायचे तर ती सार्वजनिक आहे, तिच्यावरून कोणीही जाऊ शकतो आणि अतिक्रमणाची तक्रार करण्यासाठी सातबारा लागत नाही.

माथ्यावरच्या गायरानाबाबत महसूल अधिनियमाचे कलम २२ आहे. त्याखाली जी जमीन चराईसाठी राखून ठेवली आहे, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याच्या योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले आणि महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने गायरानांबाबत धोरण ठरवले. पण गायरान मोकळे असून त्याच्याकडे जाणारी वाट बंद असेल, तर त्या राखीवपणाला काही अर्थ उरत नाही. म्हणूनच मामलेदार न्यायालय अधिनियमातला चराईच्या जमिनीचा उल्लेख महत्त्वाचा आहे. त्याचा आधार घेऊन गावातल्या पशुपालकांनी दावा लावावा असे मी सुचवीन. त्यांना चराईचा चालू वापर दाखवावा लागेल आणि समोरचा वकील त्यावरच बोट ठेवील.

मधल्या खासगी पट्ट्यासाठी सुविधाधिकार अधिनियमाचे कलम १८ उरते. स्थानिक रूढीने मिळणारा सुविधाधिकार त्यात मान्य केला आहे, आणि त्या कलमाखालचे पहिलेच उदाहरण गावच्या सामाईक कुरणात गुरे चारण्याच्या रूढीचे आहे. रूढी जुनी, निश्चित आणि वाजवी असल्याचे शाबीत करावे लागते. देवळाची यात्रा, पालखीचा मार्ग, ग्रामपंचायतीचे जुने ठराव हे यात पुरावे म्हणून येतात. हे काम एकट्या भाविकाचे नाही, ग्रामसभेचे आहे.

खाजन

गोव्यातून थोडी माहिती. आमच्याकडेही १९६६ चा स्वतंत्र मामलेदार न्यायालय कायदा आहे आणि पारंपरिक वाट अडवल्याची प्रकरणे मामलेदारासमोर येतात. आमच्याकडे अडवणारा बहुतेकदा शेतकरी नसतो. जमीन विकत घेऊन कुंपण घालणारा बाहेरचा असतो आणि त्याला गावची पायवाट ठाऊकच नसते. त्यामुळे खरेदीखताच्या वेळी वाटेची नोंद समोर येणे, हा दप्तरखाना यांचा मुद्दा इथे अधिकच लागू पडतो.

माळवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. इथल्या सल्ल्यानुसार एकत्र अर्ज मागे घेऊन तीन वेगळी प्रकरणे केली आहेत. ओढ्यापलीकडच्या कुंपणाबाबत मामलेदार न्यायालयात दावा मुदतीत दाखल झाला असून त्यात दोन मेंढपाळही वादी आहेत. एकत्रीकरणापूर्वीच्या नकाशाची नक्कल मिळाली. त्यात वाट दाखवलेली नाही, परंतु आज जिथून वाट जाते तिथे दोन जुन्या नंबरांची हद्द स्पष्ट दिसते. दोनएकरी यांचे म्हणणे वाचून ऊसवाहतूक करणाऱ्या मोठ्या खातेदारांनी पट्टा देणाऱ्याला काही रक्कम द्यावी, असा विषय बैठकीत निघाला. रक्कम ठरली नाही, पण विषय फेटाळलाही गेला नाही. अशी तडजोड झाली तर ती कशी लिहून घ्यावी?

दप्तरखाना

साध्या मुद्रांकावर नोटरी करून ठेवू नका. तो कागद पुढच्या खरेदीदाराला बांधील असेलच असे नाही. रस्त्याचा हक्क देणारा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, त्याला रुंदी, दिशा आणि कोणत्या वाहनांसाठी ते दाखवणारा नकाशा जोडा आणि त्यावरून दोन्ही गटांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत फेरफार घ्या. दावा चालू असताना तडजोड झाली तर ती त्याच न्यायालयात दाखल करून आदेशात उतरवून घ्यावी. मेंढपाळ व यात्रेकरू यांचा उल्लेख मसुद्यात नावाने करा, कारण ‘संबंधित खातेदार’ एवढेच लिहिले तर ते पहिल्याच दिवशी वगळले जातील.

नकाशावरच्या पाणंदीत मात्र तडजोड करू नका. ती तुमची नाही आणि समोरच्याचीही नाही, त्यामुळे तिची रुंदी कमी करून घेण्याचा अधिकार बैठकीला नाही. तिथली मोजणी होऊन खुणा कायम झाल्या की ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, नमुना २३ मध्ये, तिची लांबी-रुंदी चढवून घ्या. रोजगार हमीतून मातीकाम किंवा खडीकरण मागताना हीच नोंद प्रथम विचारली जाते.